तयारी कमी पडली

"सर, येत्या रविवारचा लेख शेवटचा. त्यानंतर 'अडीच घरं' सदर बंद," शेखर फोनवर म्हणाला.

आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो. त्यामुळे आमच्या घरातल्या बातम्या शेजारच्या बेबीताईंना आमच्याबरोबरच कळतात. मी मेथी निवडत बसले होते. शेखर हा अकोल्याच्या पेपरात रविवारची पुरवणी बघणारा उपसंपादक. वयाने ह्यांच्या निम्मा, पण जिभेवर साखर.

"काऊन बे? कोणाची तक्रार आली काय?" ह्यांनी विचारलं.

"तक्रार कशाची सर! तक्रार करायलाही कोणी वाचायला पाहिजे ना. कोडी सगळी मोबाइलवर मिळतात आता. वरचे म्हणतात, ती जागा जाहिरातींना द्या. पण शेवटचा लेख तुम्ही मनासारखा लिहा. पाहिजे तेवढा लिहा."

फोन बंद झाल्यावर हे बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मला वाटलं, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तसं काही झालं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "संजीवनी, आपल्याले साखरखेर्ड्याले जा लागते."

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. साखरखेर्डा म्हणजे समता. ते नाव आमच्या घरात कितीतरी वर्षांत कोणी काढलं नव्हतं.

आमचे हे, नागसेन डोंगरदिवे, देशाचे बुद्धिबळ विजेते होते. हे वाक्य मी जन्मभर नातेवाइकांना, घरमालकांना आणि मी शिकवत होते त्या शाळेतल्या बायांना सांगत आले, आणि दर वेळी समोरचा एकच विचारतो, "मग पुढे?" पुढे काय, पुढे पाटबंधारे खात्यात कारकुनी. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मद्रासहून जिंकून आले, तेव्हा देऊळगाव राजाच्या बसस्टँडपासून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली होती. बाजूला उभ्या असलेल्या एका म्हातारीने मला विचारलं, "कोण्या पार्टीचा हाये वं हा?" मी म्हणाले, "बुद्धिबळात जिंकले आजी." ती म्हणाली, "जिंकला ना? मंग आता नळ येतीन." नळ काही आले नाहीत. हार तेवढे दोन दिवस खुंटीला सुकत होते.

खेळ शिकले ते मामांकडून, उत्तमरावांकडून. कोळशाने ओट्यावर पट काढायचा आणि जुन्या देशी नियमांनी खेळायचं. त्या खेळात वजिराने मात केली तर कोणी मान वर करून बघत नसे. प्याद्याने मात केली तर बघणारे उठून उभे राहत आणि जिंकणाऱ्याला चहा मिळे. प्याद्याची मात सगळ्यात मानाची. ह्यांच्या अंगात ते इतकं मुरलं की देशाचे विजेते झाले तरी ओट्यावरून उतरले नाहीत. पुढच्याच वर्षी, हातात आलेला डाव वजिराने संपवायचा सोडून प्याद्याने संपवायला गेले आणि तो बरोबरीत सुटला. विजेतेपद गेलं ते गेलंच. खात्याने मग रजा द्यायचीही बंद केली.

त्याच सुमारास अकोल्याच्या पेपरवाल्यांनी विचारलं, स्पर्धांच्या बातम्या लिहून द्याल का? हे लिहायला लागले, हळूहळू 'अडीच घरं' हे सदर सुरू झालं, आणि खेळणं कधी सुटलं ते कळलंसुद्धा नाही. लोक म्हणायचे, संसारापायी सुटलं, म्हणजे माझ्यापायी. मी गप्प बसायचे. पण माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. खेळणाऱ्याला हरावं लागतं, लिहिणाऱ्याला नाही.

लिहायचे मात्र झकास. डाव असा सांगायचे की पट न मांडता डोळ्यांपुढे यायचा. दर रविवारी एक कोडं द्यायचे, अमुक बाजूने खेळून जिंका, आणि उत्तर पुढच्या रविवारी. एकच खोड वाईट होती. हरलेल्याबद्दल लिहायचं म्हटलं की हात आपोआप एकच वाक्य लिहायचा, 'तयारी कमी पडली.' पोरगं तापाने फणफणलेलं असो की बाप मेल्यावर खेळायला आलेलं असो, ह्यांच्या बातमीत त्याची तयारी कमी पडलेली असायची.

समता अवसरमोल आम्हाला भेटली ती साखरखेर्ड्यालाच, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात. हे पाहुणे म्हणून गेले होते आणि ओळीने पट मांडून एकटेच सगळ्या पोरांशी खेळत होते. पोरं भराभर हरत होती. शेवटच्या पटावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती, तिच्यासमोर ह्यांना खुर्ची मागून घ्यावी लागली. तो डाव बरोबरीत सुटला. तिचे वडील जानराव गवंडीकाम करायचे. आठ दिवसांनी तिची पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात उभे. "सर, हिले तुमच्यापाशी ठेवा. माह्या घरी हे समजणारं कोणी नाही."

दीड वर्ष राहिली. माझ्या आधी उठायची. मी चूल पेटवायला, म्हणजे गॅस पेटवायला जावं तर बाहेरच्या खोलीत दिवा लागलेला आणि ही पटावर वाकलेली. मला मुलगी नव्हती. तिच्या वेण्या घालताना ती मनातल्या मनात खेळी करायची आणि मान हलवायची, मी पाठीत धपाटा घालायचे. ते दीड वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं दीड वर्ष होतं, हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्याच दिवसांत ह्यांना तो घोडा सापडला. काळ्याकडून खेळताना, एका नेहमीच्या मांडणीत, कोणी कधी केलं नव्हतं असं काहीतरी. भरल्या पटावर घोडा फुकट देऊन टाकायचा आणि पुढे पांढऱ्याचा राजा उघडा पाडायचा. मला त्यातलं कळत नाही, पण रात्री जेवताना ह्यांचा चेहरा मद्रासहून आले होते तेव्हासारखा झाला होता. दोघांनी तो घोडा महिनोन्महिने घासूनपुसून तयार केला आणि मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी राखून ठेवला. बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असं ह्यांनीच तिला बजावलं होतं.

स्पर्धा सांगलीला होती. हे दोघं गेले. समता एकेक फेरी जिंकत पुढे गेली. इकडे सदराचा मजकूर पाठवायचा दिवस आला आणि ह्यांच्याकडे कोडं नव्हतं. कोडी काय शंभर होती डोक्यात. पण ह्यांनी तोच घोडा दिला. काळ्याचं पांढरं केलं, पट फिरवला, आणि समजले की आता कोणी ओळखणार नाही. मी ह्या खेळात अडाणी, पण मलाही कळतं, सदरा उलटा घातला म्हणून माणूस बदलत नाही. हे माझ्यापाशी म्हणाले होते, गडबडीत झालं. गडबडीत नाही झालं. तो घोडा समताच्या डावात आला असता तर समताचा झाला असता. पेपरात आला तर ह्यांचा होता. इतक्या वर्षांत ह्यांचं स्वतःचं म्हणावं असं काही पटावर आलं नव्हतं, आणि ते एकदा तरी स्वतःच्या नावाखाली बघायचं होतं. एवढंच होतं ते.

शेवटच्या फेरीत समतासमोर अकोल्याची पुष्पांजली आली. ती जिंकली तर विजेतेपद तिचं, नाहीतर समताचं. पुष्पांजलीचे वडील ह्यांच्या सदराचे जुने भक्त. पोरगी गावाबाहेर असली तरी दर रविवारी सकाळी फोन करून ते तिला कोडं सांगत आणि ती डोक्यातच पट मांडून उत्तर शोधे. बापलेकीचा तेवढाच सराव. त्या रविवारीही त्यांनी सांगितलं. दुपारी डावात ती जागा जवळ यायला लागली तशी पोरगी थबकली, आणि एक खेळी आधीच बाजूला झाली. समता तिथून गोंधळली, वेळेत अडकली आणि हरली.

बक्षीस समारंभात पुष्पांजली धावत आली, ह्यांच्या पाया पडली आणि निरागसपणे म्हणाली, "सर, आजचं कोडं कामाला आलं." समता शेजारीच उभी होती.

हे सगळं ह्यांनी घरी आल्यावर मला सांगितलं, हातपाय धुवायच्याही आधी. एक गोष्ट सांगितली नाही, ती मी पेपरात वाचली. संध्याकाळी बातमी द्यायची होती, ती ह्यांनी दिली होती, आणि शेवटी लिहिलं होतं, 'समता अवसरमोल हिची तयारी कमी पडली.'

समता आली, पेटी भरली, माझ्या गळ्यात पडून रडली आणि गेली. पुन्हा पटावर बसली नाही. पुढे नर्सिंगचा कोर्स केला, लग्न केलं, आणि फिरून साखरखेर्ड्यालाच आरोग्यसेविका म्हणून लागली, एवढं आमच्या कानावर होतं.

आम्ही सिंदखेड राजाला गाडी बदलून पोचलो तेव्हा तिच्याकडे लसीकरण चालू होतं. बाया पोरं घेऊन ओळीत बसलेल्या. ती एका आईला दम देत होती, "ताप येईन, घाबरू नको. अर्धी गोळी दे. अन् सासूचं आयकून बिबा लावू नको त्या जागी." आम्हाला बघितलं, मान हलवली, पण काम सोडून उठली नाही. शेवटचं पोर होईपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो. वेण्यांच्या जागी अंबाडा होता, कानाजवळ पांढरे केस दिसत होते.

मग ती आली. "जय भीम मावशी. जय भीम सर. तब्येत कशी हाये?" माझा हात तिने हातात घेतला तो सोडला नाही. चहा सांगितला.

ह्यांनी गाडीत पाठ केलेलं एका दमात बोलून टाकलं. "समता, सदर बंद होऊन राह्यलं. शेवटच्या लेखात मी सगळं लिहिणार हाये. घोडा म्या छापला, पट फिरवून. तुले पुष्पांजलीनं नाही, म्या हरवलं. तुह्या नावानिशी लिहितो. तू फक्त हो म्हण."

समता लसींचा डबा बंद करत होती. "कशाले सर?"

"लोकायले समजलं पाहिजे."

"कोणत्या लोकायले? इथं कोणाले ठाऊक नाही मी खेळत होती म्हणून. घरीबी मी 'थोडंफार खेळली' एवढंच सांगतलं. तुमचं मन मोकळं होईन, अन् माहं हरणं अजून एकदा छापून येईन." तिने डब्याचा पट्टा आवळला. "एकदा माहा घोडा छापला सर. आता माहं हरणं छापता?"

हे खाली बघायला लागले. मी तिची बाजू घ्यावी की ह्यांची, मला कळेना. खरं तर बाजू तिचीच होती.

मग तीच बोलली, आवाज खाली आणून. "घोड्याचं मी कवाच सोडून देलं. तो तुमचाच होता, तुमालेच सापडला होता. पण 'तयारी कमी पडली' हे काऊन लेहलं? सगळ्या गावानं ते वाचलं. माह्या बापाले कामावर लोक म्हणत, पोरीले मास्तराच्या घरी ठेवलं अन् तिनं अभ्यासच नाही केला. बाप शेवटच्या दुखण्यात मले म्हणे, 'बाई, खरं सांग, कमी पडली होती काय तुही तयारी?' काय सांगू मी त्याले? तो तुमाले देव मानत होता."

"मंग काय सांगतलं?" मी विचारलं.

"हो म्हणली. कमी पडली म्हणली."

चहा आला होता, तो तसाच राहिला. ह्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. मला रडू आवरेना. मरणाच्या दारातल्या बापाशी पोरगी खोटं बोलली, आणि ते आमच्या घराची अब्रू राखायला.

"सर, माहं नाव नको. घोडा नको, सांगली नको," समता म्हणाली. "तेवढं एक वाक्य वापस घ्या. छापून आलं होतं, तं छापूनच वापस घ्या. बाप नाही राह्यला, पण मी वाचीन."

"घेतो," हे म्हणाले.

निघताना दारापर्यंत आली. "सर, तो घोडा कधी कॉम्प्युटरले विचारला काय? खरंच बसत होता का म्हणून?"

"नाही."

"मीबी नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा थोडं हसली.

घरी येऊन ह्यांनी लेख लिहिला. चांगला लिहिला. मामांचा ओटा, कोळशाचा पट, प्याद्याने मात केल्यावरचा चहा, मिरवणूक, नळाची वाट बघणारी म्हातारीसुद्धा. आणि अगदी शेवटी वेगळा परिच्छेद:

'या सदरात मी हरलेल्या खेळाडूंविषयी वारंवार "तयारी कमी पडली" असे लिहिले. ते लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. निदान एका खेळाडूबाबत ते साफ खोटे होते. तिची तयारी पूर्ण होती. ते वाक्य मी आज मागे घेतो.'

मी वाचलं आणि म्हणाले, "हे वर घ्या ना. पहिल्याच ओळीत. पेपरवाले खालून कापतात, हे तुमीच तर नव्या पोरायले शिकवत होते."

"शेखर म्हणला ना, पाहिजे तेवढा लिहा. अन् हे वर घेतलं तं खालच्या ओट्याले काय अर्थ राह्यला? सगळा डाव ह्याच्यासाठी मांडला. शेवटची खेळी शेवटीच येते."

पुन्हा प्याद्याची मात. मला तेव्हाच ओळखू यायला हवं होतं. मी शाळेत चाळीस पोरांना आवाज चढवून गप्प करायचे, त्या दिवशी घरात नाही चढवला. म्हटलं, शेवटचा लेख आहे, होऊ दे मनासारखा.

रविवारी पेपर आला. लेख होता, ह्यांचा जुना फोटोही होता. लेख म्हातारीच्या नळापाशी संपला होता. त्याखाली ट्रॅक्टर उभा होता, लाल रंगाचा, सणाच्या खास सवलतीत.

हे पान उलटून बघत राहिले, पुन्हा सुलटं केलं. मग शेखरला फोन लावला.

"सर, सुंदर लेख! ऐन वेळी जाहिरात आली म्हणून शेवटचा पॅरा काढावा लागला. वाचायला वेळ नव्हता, आभाराचाच असणार म्हटलं. शेवटी तोच असतो ना."

"पुढच्या रविवारी दोन ओळी टाक राजा. दोनच."

"सर, पुढच्या रविवारी ते पानच नाही आता."

मला शेखरवर चिडता आलं नाही. ह्यांच्यावर चिडावं तर समोर बसलेला माणूस अगदी लहान झाला होता. मीच समताचा नंबर लावून फोन ह्यांच्या हातात दिला.

"समता," हे म्हणाले, "खालून कापलं त्यांनी. म्या लिहिलं होतं बाई. खरंच लिहिलं होतं."

"वाचलं सर." स्पीकरमधून तिचा आवाज अंगणभर झाला. "दोनदा वाचलं. वाटलं, मागच्या पानावर असन. मागचं पानबी पाह्यलं." मग ती म्हणाली, "जाऊ द्या सर. तयारी कमी पडली, दुसरं काय."

तिच्या आवाजात राग नव्हता. उन्हाळ्यात माणसं 'आज ऊन लय हाये' म्हणतात, तसं म्हणाली. तेच जास्त लागलं.

"हाव," हे म्हणाले. "माही."

"काय म्हणले सर? नाही आयकू आलं."

हे खुर्चीतून उठले. फोन दोन्ही हातांनी तोंडापाशी धरला, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "माही तयारी कमी पडली! तुही नाही! तुही पुरी होती, समता!"

पलीकडून "बरं सर. ठेवते," आणि फोन बंद झाला.

हे तसेच उभे होते. भिंतीपलीकडे अंगण झाडणाऱ्या बेबीताईंचा खराटा थांबला होता. बऱ्याच वेळाने तो पुन्हा सुरू झाला, जरा हळू.